जाळीखाली

गेल्या वर्षी ऐन पावसाळ्यात मी या विद्यापीठात अभ्यागत प्राध्यापक म्हणून रुजू झाले. दोन महिनेही झाले नसतील, तोच खनिकर्म अभियांत्रिकीचे एक ज्येष्ठ सहकारी हातात कागदांची चवड घेऊन माझ्या खोलीत आले. कोळसा फोडणाऱ्या आणि चाळणाऱ्या यंत्रांवरील कामगारांसाठी त्यांनी इंग्रजीत एक लहानशी पुस्तिका लिहिली होती. तिचे चार-पाच भारतीय भाषांत अनुवाद झाले होते. वर्धा खोऱ्यातील खाणींसाठी मराठी अनुवादही करवून घेतला होता. मात्र तो वाचून कामगारांना काही बोध होत नाही, असे त्यांच्या कानावर आले होते. “आपली भाषा मराठी, त्यातून आपण तौलनिक साहित्याच्या अभ्यासक, तेव्हा एकदा दृष्टी टाकावी,” असे त्यांनी संकोचाने सुचवले. कोळशाच्या यंत्रांचा आणि माझा काही संबंध असेल, हे त्यांच्या ध्यानीमनी असण्याचे कारण नव्हते. मीही त्या दिवशी काही बोलले नाही.

रात्री तो अनुवाद वाचायला घेतला. ‘संदलित पदार्थाचे आकारमानानुसार पृथक्करण करणाऱ्या कंपायमान पटलाची नियतकालिक स्वच्छता करावी’ असे एक वाक्य होते. हलती जाळी वरचेवर साफ करावी, एवढाच त्याचा अर्थ. अनुवादकाची चूक व्याकरणाची नव्हती. प्रत्येक शब्द कोशात सापडण्याजोगा होता. पण ज्या माणसाला पाळीच्या मध्यावर, कानठळ्या बसवणाऱ्या आवाजात, त्या जाळीशी उभे राहायचे आहे, त्याच्याशी त्यातला एकही शब्द बोलत नव्हता. मला हसू आले आणि लगोलग वाईटही वाटले. कारण त्या यंत्राच्या प्रत्येक क्रियेला मराठीत शब्द आहे आणि तो शब्द मी लहानपणी स्वयंपाकघरातच शिकले होते.

वाचकांनी क्षणभर आपल्या घरातील जुनी क्रियापदे आठवून पाहावीत. कांडणे, कुटणे, ठेचणे, भरडणे, दळणे, वाटणे, खलणे, रगडणे: यांपैकी कोणत्याही दोहोंचा अर्थ एक नाही. मिरची कुटतात, लसूण ठेचतात, तूर भरडतात, ज्वारी दळतात. यात उलटसुलट केले तर घरातली लहान मुलगीही चूक दाखवील. क्रिया कोणती, जोर कोणत्या बाजूने लागतो आणि शेवटी हाती जे येते ते किती बारीक, एवढे सगळे त्या एकेका शब्दात सामावलेले असते. कोळसा फोडणाऱ्या यंत्रांतही नेमका हाच भेद आहे. एक पाते स्थिर आणि दुसरे त्याच्यावर मिटणारे, असा जो जबड्याचा क्रशर असतो तो आपला अडकित्ता. समोरासमोर फिरणाऱ्या दोन दातेरी रुळांचा क्रशर म्हणजे उसाचा चरक. वेगाने गरगरणाऱ्या हातोड्यांचे यंत्र कुटते. वीजकेंद्रातील चक्की सुमारे २० मिलिमीटरपर्यंत फोडून आलेल्या कोळशाचे पीठ करते. ती जात्याची वंशज होय. त्या पिठाचा शंभरातला सत्तर भाग ७५ मायक्रॉनच्या, म्हणजे इंचाला दोनशे छिद्रे असलेल्या चाळणीतून खाली जावा, असा तेथला सर्वसाधारण दंडक आहे.

वेगळे करण्याच्या क्रियांचेही तसेच. चाळणे हे आकारावरून, पाखडणे आणि उफणणे हे वजनावरून आणि वाऱ्याच्या साहाय्याने, निवडणे हे डोळ्यांनी व बोटांनी, आणि रोळणे हे पाण्यात. धान्य पाण्यात हलकेच हिंदकळवून खडे तळाशी ठेवायचे आणि दाणे वरच्यावर काढून घ्यायचे, ही रोळण्याची रीत आता शहरांतून नाहीशी झाली आहे. पण कोळसा धुण्याच्या कारखान्यातील ‘जिग’ नावाचे यंत्र वेगळे काय करते? कोळसा पाण्याच्या सुमारे सव्वापट जड आणि त्यातला दगड दुपटीहून जड. पाणी खालून वर उचंबळवीत राहिले की दोघे आपोआप आपापल्या थरात जाऊन बसतात.

चाळणीचे नाव तर भाषाभाषांतून फिरत गेलेले दिसते. हिंदीत चलनी किंवा छलनी, गुजरातीत चाळणी, बंगालीत चालुनी. दक्षिणेकडे तमिळमध्ये सल्लडै, तेलुगूत जल्लेड, कन्नडमध्ये जरडी. उत्तरेच्या आणि दक्षिणेच्या या शब्दांचे मूळ एकच की निरनिराळे, हा भाषाशास्त्रज्ञांचा प्रश्न. सुईच्या एका भोकाला हसणारी अनेक भोकांची चाळणी मात्र हिंदी आणि बंगाली या दोन्ही भाषांच्या म्हणींत आहे. मराठी म्हणीने कोळशाचीच निवड केली आणि तो कितीही उगाळला तरी काळाच, असा निकाल देऊन टाकला.

तो निकाल रंगापुरता खरा आहे. उगाळलेला कोळसा काळाच राहतो, पण तो तोच कोळसा राहत नाही. एक मीटर लांबी-रुंदी-उंचीच्या कोळशाच्या ठोकळ्याला सहा चौरस मीटर पृष्ठभाग असतो. त्याचे एकेक सेंटिमीटरचे तुकडे केले तर तोच पृष्ठभाग ६०० चौरस मीटर होतो. मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढे कण केले तर ६०,००० चौरस मीटर. आग पृष्ठभागाला लागते. म्हणून आख्खा ठोकळा धुमसत राहतो आणि त्याचेच पीठ वायूसारखे भडकते. या नव्या पृष्ठभागासाठी किती शक्ती खर्ची पडते, याचा हिशेब रिटिंगर या शास्त्रज्ञाने १८६७ मध्ये मांडला. किकने १८८५ मध्ये आणि बाँडने १९५२ मध्ये निराळे हिशेब मांडले. तिघांचेही आपापल्या मर्यादेत खरे ठरले. क्रशरमध्ये घातलेल्या शक्तीचा अगदी थोडा अंश प्रत्यक्ष फोडण्याच्या कामी येतो. बाकी सारी उष्णतेत, आवाजात आणि यंत्राच्या झिजेत जाते. यंत्रे सुधारण्याचा दीडशे वर्षांचा इतिहास म्हणजे हा अपव्यय थोडाथोडा कमी करण्याचा इतिहास होय. निदान, पुस्तकांत तो तसा सांगितलेला असतो.

माझ्या आठवणीतला इतिहास थोडा वेगळा आहे.

माझे बालपण चंद्रपूर जिल्ह्यातील एका खाणीच्या वसाहतीत गेले. जमिनीवर कपाशी आणि जमिनीखाली कोळसा, अशी त्या मुलखाची दुमजली रचना आहे. पुढे अमेरिकेच्या इतिहासात याच जोडीची एक विलक्षण गाठ मला आढळली. कापसातून सरकी काढण्याचे यंत्र १७९३ मध्ये तयार करणारा ईलाय व्हिटनी आणि जबड्याच्या क्रशरचे १८५८ मध्ये पेटंट घेणारा ईलाय व्हिटनी ब्लेक हे सख्खे मामा-भाचे. न्यू हेवनच्या रस्त्यासाठी लागणारी खडी हाताने फोडण्यात किती वेळ जातो, या विवंचनेतून भाच्याला ते यंत्र सुचले. मामाच्या यंत्राने दक्षिणेतील गुलामांचे कष्ट हलके होतील, अशी अपेक्षा कोणी केली असेल तर ती खोटी ठरली. कापूस स्वस्तात निघू लागला, लागवड वाढली आणि गुलामगिरी अधिकच पक्की झाली. यंत्राची सुधारणा जेथे केली जाते तेथेच तिचा परिणाम थांबत नाही, हे तेव्हापासूनच लक्षात यायला हरकत नव्हती.

आमच्या घरात तीन पिढ्या कोळशावर जगल्या. आजोबा खाली जात, आजी वर काम करी. बायकांनी खाणीत उतरू नये असा नियम १९३७ पासून होता. महायुद्धाच्या निकडीपोटी तो १९४३ मध्ये शिथिल झाला आणि १९४६ मध्ये पुन्हा लागू झाला. भूमिगत खाणीत स्त्रियांना काम करण्याची वाट पुढे २०१९ मध्ये, तीही काही अटींवर, मोकळी झाली. त्यामुळे आजीच्या वाट्याला आला तो पृष्ठभागावरचा दगड वेचण्याचा पट्टा. १ मे १९७३ रोजी आमच्या भागातील खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले तेव्हा तिचे नाव कायम कामगारांच्या हजेरीपटावर चढले. तो कागद तिने पत्र्याच्या पेटीत, लुगड्याच्या घडीत जपून ठेवला होता.

हा पट्टा कसा असतो ते सांगितले पाहिजे. खाणीतून आलेला कोळसा प्रथम फोडला जाई आणि मग हलत्या जाळीवर पडे. जाळीतून गळालेला बारीक कोळसा म्हणजे ‘स्लॅक’. जाळीवर उरलेले मोठे खडे म्हणजे ‘स्टीम’. स्टीम हे नाव अर्थातच आगगाडीच्या इंजिनांवरून पडलेले. १९९५ मध्ये रुंदमापी रुळांवरची नियमित धावणारी वाफेची इंजिने संपली, पण नाव राहिले. हे मोठे खडे रबरी पट्ट्यावरून संथपणे पुढे सरकत आणि दोन्ही बाजूंना उभ्या असलेल्या बायका त्यांतला दगड हाताने उचलून मागे टाकीत. दगडाला कागदोपत्री ‘शेल’ म्हणत, आजी ‘गोटा’ म्हणे. धूळ एवढी असे की पदर नाकावरून मागे घेऊन दातांत धरावा लागे. तिच्या उजव्या हाताच्या तर्जनीला नख नव्हते. ते केव्हा गेले, असे विचारले तर “कोणत्या वेळचं सांगू?” असे ती म्हणे.

पुढे अमेरिकेत शिकत असताना एका ग्रंथालयात लुइस हाइन या छायाचित्रकाराने जानेवारी १९११ मध्ये पेनसिल्व्हेनियातील साउथ पिट्स्टन येथे घेतलेली चित्रे माझ्या पाहण्यात आली. कोळसा फोडण्याच्या उंच इमारतीत घसरणींवर फळ्या टाकून बसलेली आठ-दहा वर्षांची मुले, पायांखालून वाहणारा कोळसा, त्यातून दगड वेचणारी वाकलेली बोटे. वर्गातील इतरांना त्यात बालपणाचा करुण इतिहास दिसला. मला आधी ती बोटेच दिसली. ती बोटे मी ओळखत होते.

आजी कधीमधी मला डबा घेऊन बोलवी आणि जेवणाच्या सुटीत खड्यांच्या ढिगाशी बसून शिकवी. “पाय बाई, हातात घेऊन पाय. कोळसा हलका रायते, गोटा जड. कोळसा चमकते, गोटा नाई चमकत. आन् गालाला लाव. गोटा थंडा लागते.” मी दोन्ही खडे गालाला लावून पाहिले होते आणि दगड खरोखरच थंड लागला होता. कोळशातून उष्णता सावकाश वाहते आणि दगडातून झपाट्याने, हे कारण मला बऱ्याच वर्षांनी कळले. आजीला कारण ठाऊक नव्हते. पण पट्ट्यावरून खडा सरकून जाण्यापूर्वीच्या दोन क्षणांत ती वजन, चमक आणि गारवा या तिन्ही साक्षी एकदम काढीत असे.

बाबा त्याच संयंत्रावर, ज्याला सगळे ‘सीएचपी’ म्हणत, फिटर होते. म्हणजे जाळी बाबांची आणि जाळीपुढचा पट्टा त्यांच्या आईचा.

जाळीचे दुखणे पावसाळ्यात उपटे. कोरडा कोळसा जाळीवर नाचत पुढे जातो आणि बारीक कण सहज गळतात. ओला कोळसा, त्यातून मातीमिश्रित, तारांना चिकटतो; त्यावर आणखी चिकटतो; तासाभरात भोके लिंपली जातात. इंग्रजीत याला जाळी आंधळी झाली असे म्हणतात. आमच्याकडे ‘जाळी चोंदली’ म्हणत. एका भाषेने तिला डोळे दिले, दुसरीने नाक. मला आमचा शब्द अधिक अन्वर्थक वाटतो, कारण चोंदलेल्या जाळीपाशी उभ्या असलेल्या माणसाचाही श्वास कोंडतो. दुसरे दुखणे असे, की जवळजवळ भोकाएवढाच खडा भोकात घट्ट रुतून बसतो, आत जात नाही आणि बाहेरही निघत नाही. मग यंत्र थांबवायचे, जाळीवर चढायचे आणि सळईने भोसकून भोसकून ती मोकळी करायची. शिवाय धूळ बसावी म्हणून क्रशरवर पाण्याचा फवारा असे. फवारा चालू ठेवला की जाळी लवकर चोंदे. बंद केला की पट्ट्यावरच्या बायकांना खोकल्याची उबळ येई. बाबा फवाऱ्याची चावी फिरवीत तेव्हा ते एकाच वेळी कोणाला काय देत होते आणि कोणाचे काय काढून घेत होते, हे त्यांना कळत असावे. या विषयावर ते घरात बोलत नसत.

१९८६ च्या पावसाळ्यात, मी दुसरीत असताना, त्यांच्या लक्षात एक गोष्ट आली. जाळीचा एक भाग जुना झाला होता आणि तिथल्या आडव्या तारा तुटून गेल्या होत्या. उभ्या तारा तेवढ्या ताणलेल्या राहिल्या होत्या. सगळी जाळी चोंदली तरी तेवढा फाटका भाग चोंदत नव्हता. उभ्या तारा मोकळ्या असल्याने प्रत्येक तार स्वतंत्रपणे थरथरे आणि चिकटलेला कोळसा झटकून टाकी. बाबांनी वर्कशॉपमध्ये एक आख्खी जाळी तशीच बांधली: आडव्या तारा नाहीत, फक्त लांबच्या लांब उभ्या तारा आणि दर दोन फुटांवर आधाराला एक पट्टी. अशा जाळ्यांना बाहेरच्या जगात एका तंतुवाद्याचे नाव आहे आणि त्या केव्हाच्या प्रचारात आहेत, हे त्यांना माहीत नव्हते. त्यांना ते फाटक्या जाळीने शिकवले होते.

जाळी चालली. पाळीत चार-चार वेळा थांबणारे यंत्र दिवसेंदिवस थांबेनासे झाले. पंधरा ऑगस्टला बाबांना प्रशस्तिपत्र आणि भिंतीवरचे घड्याळ मिळाले. त्या दिवशी आमच्याकडे पुरणपोळी झाली होती.

त्यानंतर महिन्याभराने आजी कामावरून आली, हातपाय धुतले आणि ओट्यावर टेकून बाबांना म्हणाली, “बापू, पट्ट्यावर गोटा येऊन नाई राह्यला आताशा.”

“चांगलंच झालं ना, माय. तुला तेवढा आराम.”

“चांगलं कायचं? गोटा कमी नाई झाला. तो खाली गेला.”

बाबा हसले. खाणीतून येणारा कोळसाच सध्या बरा असेल, असे काहीसे ते म्हणाले. आजी पुन्हा बोलली नाही.

आज मला ती गोष्ट आकृती काढून समजावून सांगता येते. कोळसा फुटतो तो ओबडधोबड खड्यांत. शेल फुटते ती पापुद्र्यांत, पाटीसारख्या चपट्या तुकड्यांत. चौकोनी भोकातून पाटी जात नाही. तिची जाडी कमी असली तरी रुंदी आड येते. लांब फटीतून मात्र ती काठावर उभी राहून अलगद खाली उतरते. बाबांच्या जाळीने चोंदणे थांबवले आणि त्याच वेळी वरचा दगड खालच्या कोळशात सोडून दिला. वर, पट्ट्यावर, बायकांना वेचायला काही उरले नाही. खाली, स्लॅकमध्ये, तो वेचायला कोणाचा हात पोचत नव्हता.

कार्यालयाने पट्ट्यापुरताच विचार केला. दगड मिळत नाही, तर दगड वेचणाऱ्या कशाला? कायम कामगारांना कोणी काढले नाही, हे सांगायला हवे. कोणाला झाडलोटीवर पाठवले, कोणाला पाणी भरण्यावर. ठेक्यावरच्या सहा जणींना मात्र पुढच्या सोमवारपासून येऊ नका असे सांगण्यात आले. त्यांतली एक आमच्या मागच्या ओळीत राहणारी विधवा होती. तिची मुलगी माझ्या वर्गात होती. दिवाळीच्या सुटीनंतर ती शाळेत आली नाही. आजीने वर्षभर कार्यालयाच्या व्हरांड्यात झाडू मारला आणि मग राजीनामा देऊन आपल्या जागी धाकट्या काकाला चिकटवले. तेव्हा बायकांना तसे करण्याविषयी सुचवलेही जात असे. ती म्हणे की मी काही कष्टाला भ्याले नाही. पण व्हरांड्यात निवडण्यासारखे काही नसते.

पुढे स्लॅक घेणाऱ्यांकडून राखेच्या आणि दगडाच्या तक्रारी येऊ लागल्या. चौकशी झाली. चूक बाबांच्याच ध्यानात आली आणि ती त्यांनी स्वतःहून वरिष्ठांना सांगितली. फटी आखूड केल्या, मध्ये आडव्या तारा पुन्हा बांधल्या, तारांचा ताण वाढवला. चोंदणेही बरेच आटोक्यात राहिले आणि दगडही वर येऊ लागला. यंत्राच्या दृष्टीने सुधारणा पूर्ण झाली. पट्ट्यावर मात्र कोणी परत आले नाही. ती जागा तोवर हिशेबातून वजा झाली होती.

बाबांना दोष द्यावा असे मला तेव्हाही वाटले नाही, आजही वाटत नाही. चोंदलेल्या जाळीवर चढून सळई मारताना ज्यांचे पाय घसरले त्यांची नावे त्यांना पाठ होती. त्यांना यंत्र थांबू नये असे वाटत होते आणि ते वाटणे योग्यच होते. एवढेच की, जाळीच्या वर जे दिसत होते त्यावरून त्यांनी परीक्षा केली; खाली काय गेले ते पाहिले नाही. ते पाहणारी एक व्यक्ती घरातच होती आणि तिने ते सांगितलेही होते. पण ती फिटर नव्हती.

पुस्तिकेच्या निमित्ताने मी सहकाऱ्यांबरोबर एका नव्या संयंत्रावर जाऊन आले. फोडण्याच्या आणि चाळण्याच्या तंत्रात केवढी प्रगती झाली आहे! हातोड्यांच्या वेगाने कोळशाचा चुरा फार होतो म्हणून आता मंद गतीच्या, पण प्रचंड जोराच्या दोन दातेरी दंडांची यंत्रे आली आहेत. ती खड्याला त्याच्या दुबळ्या जागी धरून मोडतात. जाळ्या तारेच्या जाऊन लवचिक पत्र्यांच्या झाल्या आहेत. ते पत्रे आळीपाळीने ताणले जातात आणि सैल होतात, गोधडी झटकावी तसे, आणि ओला कोळसा त्यांवर टिकत नाही. क्ष-किरणांनी प्रत्येक खड्याची घनता ताडून हवेच्या झोताने दगड तेवढा बाजूला उडवणारी यंत्रेही जगात आहेत. ती यंत्रे जे करतात ते आजीच्या हाताने आणि गालाने होत असे; त्यांना पगारी सुटी द्यावी लागत नाही आणि त्यांची नखे जात नाहीत. ते काम कोणाही बाईने पुन्हा हाताने करावे, असे मला मुळीच वाटत नाही.

तिथेच एका कोपऱ्यात मी एक जुन्या पद्धतीचे यंत्र पाहिले आणि त्याच्यापुढे बराच वेळ उभी राहिले. हेझेकाया ब्रॅडफर्ड नावाच्या अमेरिकनाने १८९३ मध्ये ते शोधून काढले. भोकाभोकांचा एक अवाढव्य पिंप, आडवा, मिनिटाला जेमतेम दहा-पंधरा फेरे घेणारा. आतल्या फळ्या कोळसा उचलून वर नेतात आणि तिथून खाली सोडतात. दात नाहीत, हातोडे नाहीत. कोळसा आपल्याच वजनाने पडतो आणि फुटतो. पुरेसा लहान झाला की भोकांतून गळतो. दगड, लाकूड, लोखंडाचा तुकडा पडून फुटत नाहीत. ते शेवटपर्यंत गडगडत जाऊन दुसऱ्या टोकाने बाहेर पडतात. फोडणे, चाळणे आणि निवडणे, तिन्ही एकाच फेऱ्यात. “साधे आणि शहाणे यंत्र आहे,” असे माझे सहकारी म्हणाले. मग त्यांनी हेही सांगितले की कोळसाच चिवट असेल तर तोही न फुटता दगडांबरोबर बाहेर जातो आणि दगड ठिसूळ असेल तर तो कोळशात मिसळतो. तेव्हा दोन्ही टोकांना माणूस ठेवून पाहावे लागते. मी विचारले, “ठेवतात का?” ते म्हणाले, “ठेवावा, असे लिहिले आहे.”

पुस्तिकेचा अनुवाद मी नव्याने केला. क्रशर, जाळी, पट्टा, हॉपर हे शब्द कामगारांच्या तोंडी आहेत तसेच ठेवले; फोडणे, भरडणे, दळणे, चाळणे, रोळणे, निवडणे ही क्रियापदे जिथल्या तिथे घातली. शेवटचे पान अडले तेव्हा बाबांना दूरध्वनी केला. ते आता सत्त्याहत्तर वर्षांचे आहेत आणि चंद्रपुरात राहतात. जाळीच्या देखभालीविषयीची सगळी कलमे त्यांना वाचून दाखवली: ताण कधी तपासावा, तारा कधी बदलाव्यात, यंत्राची वीज तोडल्याशिवाय आणि कळीला कुलूप घातल्याशिवाय जाळीवर पाऊल ठेवू नये. त्यांनी एक-दोन ठिकाणी शब्द दुरुस्त केले. मग बराच वेळ काही बोलले नाहीत. मला वाटले, आवाज तुटला.

“बाबा?”

“आणखी एक घाल,” ते म्हणाले. “जाळीखाली काय गेले, ते रोज एकदा हातात घेऊन पाहावे.”

आमच्या घरात त्या पावसाळ्याबद्दल ते बोलले, ते हे एकच वाक्य. मूळ इंग्रजी मसुद्यात ते नव्हते. अनुवादकाने मुळात नसलेले काही घालू नये, हे मी वर्गात शिकवते. तरी ते मी घातले आणि सहकाऱ्यांना तसे स्पष्ट सांगितले. त्यांनी त्याचा इंग्रजी अर्थ विचारला, दोनदा वाचून घेतला आणि हे कलम कोणाचे, असे विचारले. मी म्हणाले, “माझ्या आजीचे.”